प्रवेश-निबंध आणि सहाध्यायांचे अभिप्राय

परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास बहुधा गुणपत्रिकेबरोबरच स्वतःविषयीचा एक निबंधही सादर करावा लागतो. अमेरिकेत १९७५ मध्ये पंधरा महाविद्यालयांनी एकत्र येऊन 'कॉमन ॲप्लिकेशन' हा सामाईक प्रवेश-अर्ज सुरू केला. आज एक हजाराहून अधिक महाविद्यालये व विद्यापीठे तो स्वीकारतात. त्यातील मुख्य निबंधाची मर्यादा २५० ते ६५० शब्द इतकी आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' मागितले जाते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यांनाही विद्यापीठाचा प्रवेश मिळविताना या लेखनास सामोरे जावे लागते.

सुस्थितीतील कुटुंबे यासाठी शुल्क देऊन सल्लागार नेमतात. घरातील पहिलाच पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलास वा मुलीस ते परवडत नाही. परंतु सहाध्यायी प्रत्येकास लाभलेले असतात. त्यांच्या अभिप्रायाचा योग्य उपयोग करून घेतल्यास ही उणीव पुष्कळ अंशी भरून निघू शकते.

अभिप्राय कशास म्हणावे?

'छान आहे' किंवा 'जमले नाही' हा निकाल झाला; त्याचा लेखकास फारसा उपयोग नाही. अमेरिकन अध्यापक पीटर एल्बो यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रायटिंग विदाउट टीचर्स' या पुस्तकात वेगळा मार्ग सुचविला. वाचताना मनात काय घडत गेले, एवढेच वाचकाने प्रामाणिकपणे सांगावे आणि लेखकाने वाद न घालता ऐकून घ्यावे, असे त्याचे सूत्र आहे.

यासाठी वाचकास तीन प्रश्न विचारणे पुरेसे आहे. निबंधावरून लिहिणारी व्यक्ती कशी वाटते? वाचताना कोठे अडखळले? आणखी काय जाणून घ्यावेसे वाटते?

समजा, एका विद्यार्थिनीने 'मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे' असे लिहिले. 'कोणती सेवा? केव्हा केली?' असे मैत्रिणीने विचारताच तिला आठवते की, दहावीच्या सुट्टीत तिने गावातील तीन विहिरींची पाणीपातळी दर आठवड्यास मोजून वहीत नोंदविली होती. हे एक वाक्य आवडीच्या साऱ्या घोषणांहून अधिक सांगून जाते. ते मैत्रिणीने लिहून दिलेले नाही. तिच्या प्रश्नामुळे ते लेखिकेस सापडले, हे येथे महत्त्वाचे आहे.

वाचकांची निवड

दोन-तीन वाचक पुरेसे होतात. त्यांपैकी एक लेखकास जवळून ओळखणारा व एक त्याच्या गावाशी वा विषयाशी अपरिचित असावा. ओळखीचा वाचक खोटा सूर चटकन पकडतो; परंतु गाळलेल्या गोष्टी तो मनातल्या मनात भरून घेतो. 'टँकर' किंवा 'रोजगार हमी' या शब्दांपाशी अपरिचित वाचक थांबतो. दूरदेशीचा प्रवेश-अधिकारीही तेथेच थांबणार असतो. दोन वाचक एकाच जागी अडखळले, तर ती जागा अवश्य सुधारावी. केवळ एकालाच अडचण आली, तर निर्णय लेखकाने घ्यावा.

मर्यादा

वाचकाने प्रश्न विचारावेत, वाक्ये लिहून देऊ नयेत. अनेकांच्या हातून गेलेला निबंध गुळगुळीत होतो आणि त्यातील माणूस हरवतो. दुसऱ्याचा मजकूर उचलणे तर धोक्याचेच आहे. ब्रिटनमधील 'यूकॅस' ही प्रवेश-संस्था अर्जांतील निवेदनांची साम्य-तपासणी करते व संशयास्पद साम्य आढळल्यास संबंधित विद्यापीठांना कळविते. तसेच निबंधात घरातील आजार, कर्ज वा वियोग यांचा उल्लेख असू शकतो. असा मजकूर वाचकाने अन्यत्र बोलू नये, हा पहिला नियम मानावा.

शिक्षक व पंचायतींचे साहाय्य

अमेरिकेतील पदवी-प्रवेशाच्या मुदती बहुधा नोव्हेंबर ते जानेवारी या काळात येतात. त्यामुळे पहिला मसुदा ऑगस्टपर्यंत तयार होणे इष्ट ठरते. शाळेतील एखादी खोली वा गावातील वाचनालय आठवड्यातून एक तास अशा वाचनासाठी उपलब्ध करून देणे फारसे खर्चाचे नाही. शिक्षकांनी तेथे लाल शाईचे पेन बाजूस ठेवून, प्रश्न कसे विचारावेत एवढेच दाखवावे. स्वतःची हकिकत स्वतःच्या शब्दांत स्पष्टपणे सांगण्याची ही सवय परदेशी प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यासही नोकरीच्या मुलाखतीत आणि ग्रामसभेत उपयोगी पडेल.