शब्द फोडून वाच, पूर्ण लिहून ठेव

चि. मनूस,


परवा फोनवर तू म्हणालीस की पेशंटची भीती वाटत नाही, शब्दांची वाटते. नर्सिंगच्या हॉस्टेलवर सगळ्याजणी वहीत दोन रकाने आखून एकीकडे शब्द आणि दुसरीकडे अर्थ घोकत बसता, आणि सकाळपर्यंत निम्मं पुसलेलं असतं. वर तू हेही म्हणालीस की इंग्रजी माध्यमातल्या मुलींना हे सोपं जातं, आपलं मराठी नडतं. हे मनातून आधी काढून टाक. हे शब्द मुळात इंग्रजी नाहीतच. बहुतेक ग्रीक आहेत, उरलेले लॅटिन. त्या मुलींनाही ते तितकेच परके आहेत. उलट तुझी एक गोष्ट जमेची आहे. शाळेत तू संधी सोडवायला आणि समासाचा विग्रह करायला शिकली आहेस. इथेही तेच करायचं आहे.

घोकणं थांबव आणि शब्द फोडायला लाग. तोही शेवटाकडून. तापाच्या वॉर्डात केसपेपरवर ‘हिपॅटोस्प्लेनोमेगाली’ दिसेल. शेवटचं ‘मेगाली’ म्हणजे आकार वाढलेला. काय वाढलंय? ‘हिपॅटो’ म्हणजे यकृत, ‘स्प्लेनो’ म्हणजे प्लीहा. झालं. मलेरियाच्या पेशंटचं पोट तपासताना डॉक्टर बरगडीखाली दोन्ही बाजूंना बोटं का रोवतात, तेही त्याच शब्दात आलं. मधला ‘ओ’ नुसता जोड आहे, उच्चार सोपा व्हावा म्हणून घातलेला. ‘कोलेसिस्टेक्टॉमी’ घे. ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढणं, ‘सिस्ट’ पिशवी, ‘कोले’ पित्त. पित्ताची पिशवी काढली. यातला ‘कोले’ लक्षात राहिला की ‘कोलँजायटिस’ समोर आला तरी तू अडणार नाहीस, पित्तनलिकांना सूज आहे एवढं तरी कळेलच. असे शंभरेक तुकडे अंगवळणी पडले की हजारो शब्द आपोआप उलगडतात. रोजच्या ड्यूटीत जो शब्द भेटेल तो त्याच रात्री फोड, दुसरं काही करू नकोस.

एका ठिकाणी मात्र थांबून नीट बघ. ‘एक्टॉमी’, ‘ऑटॉमी’ आणि ‘ऑस्टॉमी’ ही तिन्ही शेपटं घाईत सारखीच ऐकू येतात. पहिल्यात अवयव काढतात, दुसऱ्यात छेद घेतात, तिसऱ्यात तोंड करून ते उघडं ठेवतात. कोलेक्टॉमी (यात पित्ताचा ‘कोले’ नाही, मोठ्या आतड्याचा ‘कोलन’ आहे) झालेल्या पेशंटचं मोठं आतडं काढलेलं असतं. कोलॉस्टॉमी झालेल्याचं आतडं पोटावर आणून त्याला तोंड केलेलं असतं आणि तिथे पिशवी लावलेली असते. ऑपरेशन करून सर्जन जातो, पुढे त्या तोंडाभोवतीची कातडी सोलवटू नये, तोंडाचा रंग लालसर आहे की काळसर पडतोय, पिशवी कधी बदलायची, हे सगळं तुझ्याकडे असतं. ओव्हर घेताना, म्हणजे पाळी बदलताना आधीच्या नर्सकडून पेशंटची माहिती घेताना, तू चुकीचं शेपूट ऐकलंस तर पांघरूण बाजूला करून पाहायचंच तुला सुचणार नाही.

एकाच अवयवाला दोन-दोन नावं का, असं तू विचारलं होतंस. किडनीचं लॅटिन मूळ ‘रेन’, म्हणून ‘रीनल आर्टरी’. ग्रीक मूळ ‘नेफ्रॉस’, म्हणून ‘नेफ्रायटिस’. फुफ्फुसाचंही तसंच, ‘पल्मनरी’ आणि ‘न्यूमोनिया’. रोगांची नावं बरीचशी ग्रीकांकडून आली आणि शरीराच्या भागांची पुढे लॅटिनमध्ये रुळली. शंभर टक्के नियम नाही, पण बहुतेक वेळा उपयोगी पडतो.

आणि फोड दगाही देते, हे आत्ताच सांगून ठेवते. ‘ओमा’ म्हणजे गाठ असं तुला शिकवतील. पण हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त, आणि ग्लॉकोमात गाठ कुठेच नसते, तो डोळ्याच्या नसेचा आजार आहे. उलट मेलॅनोमा आणि लिम्फोमा हे शब्द लिपोमासारखेच साधे वाटतात. लिपोमा म्हणजे चरबीची निरुपद्रवी गाठ, आणि ते दोन्ही कॅन्सर. ‘अ‍ॅनिमिया’ची फोड केली तर ‘रक्तच नाही’ असं निघतं, प्रत्यक्षात हिमोग्लोबिन कमी असतं. फोडीने अंदाज येतो, खात्री पुस्तकातूनच करायची.

‘हायपो’ (कमी) आणि ‘हायपर’ (जास्त) या जोडीबद्दल मी जास्त कडक आहे. कागदावर ठीक आहे, पण रात्री दीड वाजता, तोंडाला मास्क, शेजारी मॉनिटर वाजतोय, आणि तू फोनवर डॉक्टरांना ‘हायपोग्लायसेमिया’ सांगतेस. पलीकडे काय ऐकू जाईल याची खात्री नाही. एकात साखर द्यायची, दुसऱ्यात इन्सुलिन. उपचार थेट उलटे. म्हणून शब्दावर विसंबू नकोस, आकडा सांग. “सर, बेड नंबर सात, शुगर बावन्न आहे, घाम फुटलाय, हाक मारली तर उशिरा ओ देतोय.” सत्तरच्या खाली आकडा गेला की तो सांगायला शब्द शोधत बसायचंच नाही.

आता आद्याक्षरं. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तर, स्टॅट म्हणजे लगेच. ही सगळी लॅटिन शब्दांची आद्याक्षरं किंवा तुकडे आहेत आणि आठवड्याभरात तोंडात बसतील. अडचण वेगळी आहे. तेच अक्षर वॉर्ड बदलला की अर्थ बदलतं. आपल्याकडे ओडी म्हणजे दिवसातून एकदा, आणि डोळ्यांच्या विभागात जुन्या पद्धतीने लिहिणाऱ्याच्या हाती तेच ओडी म्हणजे उजवा डोळा. नाक-कान-घशाच्या ओपीडीत डीएनएस म्हणजे नाकाचा वाकडा पडदा, मेडिसिन वॉर्डात तीच ग्लुकोज घातलेली सलाईन. बीटी कुणासाठी ब्लीडिंग टाइम, कुणासाठी ब्लड ट्रान्सफ्यूजन. एमएस तर हृदयाची अरुंद झालेली झडपही असू शकते, मज्जासंस्थेचा आजारही आणि मॉर्फिनही.

यात सर्वांत जास्त जपायचं ते मेथोट्रेक्सेटला. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच द्यायची असते. कुणी ‘ओडब्ल्यू’ लिहिलं आणि पुढच्याने ‘ओडी’ वाचलं, तर आठवड्याची गोळी रोज पोटात जाते. तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घसरतात, आणि यात माणसं दगावली आहेत. म्हणून ही गोळी लिहिलेली दिसली की वार विचारून घे. “दर सोमवारी” असं चार्टवर पूर्ण लिही, पेशंटलाही तसंच सांग आणि त्याच्याकडून वदवून घे.

इन्सुलिनच्या युनिटसाठी नुसता ‘यू’ लिहू नकोस. घाईत त्याचं तोंड मिटलं की तो शून्य दिसतो आणि १० चे १०० होतात. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायला एक क्षण पुरतो. ५ लिहायचं असेल तर ५.० लिहू नकोस, टिंब पुसट झालं की ५० होतात. अर्धा लिहायचा तर ०.५ लिही, टिंबाआधीचं शून्य सोडू नकोस. मायक्रोग्रॅमचं ते शेपटीवालं ग्रीक अक्षर ‘एम’सारखं दिसतं, आणि फरक हजारपट आहे, म्हणून थायरॉइडच्या गोळीपुढे ‘मायक्रोग्रॅम’ असंच लिही. या माझ्या लहरी नाहीत. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ साली ‘वापरू नयेत’ अशा संक्षेपांची यादी काढली, तिच्यात हा ‘यू’ आहे, ही दोन्ही शून्यं आहेत आणि ते एमएसही आहे. आपल्याकडे मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये नियम बदलून डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं असं सांगितलं.

सिरिंजचं तर रोज तपासायचं. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींचं मिळतं, एका मिलिलीटरमध्ये ४० युनिटचं आणि १०० युनिटचं. लाल टोपणाची सिरिंज चाळीसची, नारिंगी शंभरची. शंभरचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरलंस, तर पेशंटला दहा नाही, पंचवीस युनिट गेले. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग, दोन्ही एकदम डोळ्यांखालून गेल्याशिवाय सुई टोचायची नाही.

अक्षर लागलं नाही तर विचार. मुली विचारायला लाजतात, डॉक्टर ओरडतील म्हणून शेजारणीला विचारतात, आणि ती अंदाजाने सांगते. असं कधीही करू नकोस. “सर, मी वाचते, बरोबर आहे का सांगा,” म्हणायचं आणि नाव, डोस, वेळ मोठ्याने वाचून दाखवायचं. कुणी चिडलं तर चिडू दे. घरी आल्यावर त्याचं काही वाटत नाही.

पेशंटशी आणि नातेवाइकांशी बोलताना मात्र हे सगळं कपाटात ठेवून जायचं. आपल्याकडे ‘हार्टफेलने गेले’ म्हणजे माणूस गेला. आणि आपण बाहेर येऊन नातेवाइकांना सहज सांगतो, “हार्ट फेल्युअर आहे.” बाई तिथेच खाली बसते. तिला सांगावं, हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी झाली आहे, म्हणून पायावर सूज आहे आणि आडवं झालं की दम लागतो, मीठ कमी करायचं आणि रोज सकाळी वजन करायचं. ‘क्रॉनिक’ म्हटलं की लोकांना ते भयंकर किंवा असाध्य वाटतं, त्याचा अर्थ फक्त बरेच दिवसांचं. ‘अ‍ॅक्यूट’ म्हणजे अचानक आलेलं. रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला की चेहरा पडतो, म्हणून “त्यात आजार दिसला नाही” असं आधी सांगायचं. ‘हायपरटेन्शन’ ऐकून मंडळी म्हणतात, “मला कसलं टेन्शन नाही हो,” आणि बीपीची गोळी बंद करतात.

एका सवयीचा मला मनापासून राग आहे. टीबीला राउंडला ‘कॉक्स’ म्हणायचं आणि औषधाला ‘एकेटी’. जर्मनीच्या रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये टीबीचा जंतू जगापुढे मांडला, त्याचं ते नाव. पेशंटसमोर टीबी हा शब्द उच्चारायला नको म्हणून ते रुळलं. यामागची माया मला कळते, पण त्याने नुकसान होतं. साध्या टीबीला निदान सहा महिने औषध लागतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंग भरतं, आणि ज्याला आपल्याला टीबी आहे हेच धड कळलेलं नाही तो गोळ्या सोडतो. मग जंतू औषधाला दाद देईनासा होतो. त्याला बाजूला घेऊन, हळू आवाजात, पण टीबी म्हणूनच सांग. एचआयव्हीचं वेगळं. तिथे पेशंटला स्वतःला सगळं कळलंच पाहिजे, पण शेजारच्या खाटेला, वॉर्डातल्या मामा-मावशींना किंवा भेटायला आलेल्या चुलत्याला त्यातलं अक्षरही कळता कामा नये. २०१७ च्या कायद्यानेही ते बंधन घातलं आहे.

आणि जे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही ते आता लिहिते. पेशंट जे शब्द वापरतो ते नीट ऐक. आपण केसपेपरवर सगळ्याला ‘पेन’ लिहून मोकळे होतो. माणसं तसं बोलत नाहीत. बोटात ठणका लागलाय म्हणतो तेव्हा आत पू धरला असण्याची शंका घ्यावी. पोटात राहून राहून कळ येते म्हणाला तर आतडं किंवा मूतखडा आठवावा. मुरडा मारतो म्हणाला तर शौचाला रक्त-आव पडते का विचारावं. कमरेतून पायात चमक जाते, लघवीला आग होते, छातीवर कुणी बसल्यासारखं दडपण येतं, हे प्रत्येक वेगळं आहे आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळीकडे जातो. या खेड्यापाड्यातल्या बायाबापड्यांनी तुझ्या हातात अर्धं निदान ठेवलेलं असतं. त्यांचा शब्द नर्सिंग नोट्समध्ये जसाच्या तसा लिही आणि ओव्हर देताना तसाच सांग. डॉक्टर परगावचे असतील तर त्यांना त्याचा अर्थ समजावून दे. हे काम तुझ्याइतकं चांगलं दुसरं कुणी करू शकणार नाही, कारण ही भाषा तुझी आहे.

यासोबत आजीच्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स पाठवते. वरच्या चार ओळींत सीकेडी, एचटीएन आणि आणखी दोन संक्षेप आहेत, खाली पाच गोळ्या. येत्या रविवारी तू फोनवर तिला कुठली गोळी कशासाठी आणि कधी घ्यायची ते सांगायचं आहेस, आणि ती तिच्या तोंडाने परत सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. तिला ऐकायला कमी येतं, म्हणून सकाळी बोल, तेव्हा घरात टीव्ही चालू नसतो.

तुझी
आत्या