मान वर करून बघताना

निपाणीतलं आमचं जुनं घर दुरुस्तीला काढलं, तेव्हापासून कुठल्याही देवळात शिरलो की नजर आधी छताकडे जाते. बायको म्हणते, आधी नमस्कार तरी करा.

१. दगडी छत ओझ्यावर तरतं. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन देऊळ) १२०४ ची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने बांधलेली. तिथल्या कमळाच्या छताखाली मी अर्धा तास उभा होतो. दगडाचा प्रत्येक फेर खालच्या फेरापेक्षा जरासा आत सरकलेला. मागच्या टोकावर वरचं ओझं, म्हणून पुढचं टोक खाली झुकत नाही. असं करत करत मधली पोकळी मिटते आणि तिथे कमळ लोंबतं. मान मात्र दोन दिवस दुखली.

२. भोक दिसलं की गळतंय म्हणू नये. खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा, आणि वर गोल आभाळ. होमाचा धूर जावा म्हणून, असं सांगतात.

३. कौलावरून देवळाचं वय सांगू नये. हलशीच्या वाटेवरच्या एका देवळाचं छप्पर दाखवून मी पाहुण्यांना छाती ठोकून म्हणालो, "कदंबांच्या काळातलं!" पाहुण्यांच्या पोराने खाली पडलेलं कौल उलटं केलं. मागे कारखान्याचं नाव, तेही इंग्रजीत! मंगलोरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला १८६५ साली. त्याआधी आपल्याकडे उतरत्या छपरावर कुंभाराची नळीची कौलं, नाहीतर गवत.

४. छप्पर पाऊस ठरवतो. खानापूरकडे धो धो, म्हणून उतरती पाखी. चिकोडी-अथणीकडे पाऊस कमी, तिथे माळवद चालतं: कडीपाटावर पाला आणि त्यावर गावच्या पांढरीची माती. निपाणी मधोमध, आमच्या घराला पुढे माळवद, मागे कौलं.

५. मातीवर सिमेंट ओतू नये. मी ओतलं. वरून गळायचं तेवढ्यापुरतं थांबलं, पण मातीतली ओल आत कोंडली आणि तिसऱ्या पावसाळ्यात कडी कुजली. गवंडीमामा म्हणाले, "मालक, पैसे देऊन घाम कोंडलात की!" अर्धं सिमेंट फोडून पुन्हा पांढरी घातली. उरलेल्या अर्ध्याखाली अजून बादली ठेवतो.