ताप उतरल्यानंतरचा रियाज

फुप्फुसांच्या क्षयातून उठणाऱ्या गायकाने बरे वाटू लागल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत स्वतःला सर्वांत अधिक जपावे, असे मी अनुभवाने सांगते. कारण आजाराच्या भरात शरीरच आपल्याला अंथरुणाला खिळवून ठेवते, परंतु ताप उतरला, भूक लागू लागली आणि तानपुऱ्याचा झणत्कार कानांना पुन्हा गोड वाटू लागला, की आपल्याला अडवणारे घरात कोणीच उरत नाही.

औषधोपचार सुरू झाल्यावर माझा सायंकाळचा बारीक ताप आणि रात्रीचा घाम काही आठवड्यांतच थांबला. या औषधांचा गुणच तसा आहे. झपाट्याने वाढणारे बहुतेक जंतू आरंभीच मरतात आणि रोगी टवटवीत दिसू लागतो. मंदगतीने जगणारे थोडे जंतू मात्र दीर्घकाळ तग धरून राहतात, आणि त्यांच्या निःपातासाठीच साध्या क्षयालासुद्धा सामान्यतः सहा महिन्यांची मुदत घालून दिलेली असते. शिवाय फुप्फुस जेथे भरून येते तेथे व्रण राहतो, आणि व्रणाच्या जागी पूर्वीची लवचिकता परत येतेच असे नाही. जिना चढण्यास पुरणारा श्वास विलंबित ख्यालास पुरेल, याची हमी कोणतीही तपासणी देत नाही.

अशाच दिवसांत एका परिचित मंडळाकडून घरगुती बैठकीचे निमंत्रण आले. वजन वाढले होते, चेहऱ्यावर तजेला होता, थोडे गाण्याची मुभा वैद्यांनी दिली होती. तेव्हा हरकत घेण्यासारखे कोणालाच काही दिसले नाही. यमनचा विलंबित ख्याल एकतालात मांडला. पहिली काही आवर्तने निभावली. पुढे तार षड्जावर मुक्काम करून समेकडे येताना, सम दोन मात्रांवर असतानाच श्वास सरला, आणि जे काम श्वासपटलाने करावयाचे ते गळ्याने अंगावर घेतले. मानेच्या शिरा ताठरल्या, जबडा आवळला गेला, आवाज चिरकत चिरकत समेपर्यंत पोहोचला. श्रोत्यांनी प्रेमाने दाद दिली. परंतु त्यानंतर कित्येक आठवडे आवाज असा बसला की बोलणेही वर्ज्य करावे लागले. क्षय उलटला नव्हता. श्वासाची तूट स्वरयंत्राच्या खात्यातून भरून काढली गेली होती, आणि ते खाते फार लहान असते.

त्या सक्तीच्या मौनात कुमार गंधर्वांच्या चरित्राकडे मी नव्या दृष्टीने पाहू लागले. ऐन तारुण्यात क्षयाने ग्रासल्यामुळे १९४८ साली ते माळव्यात देवासला जाऊन राहिले. गाण्यास वैद्यांची सक्त मनाई होती. पुन्हा जाहीर गायन सुरू झाले ते १९५३ च्या सुमारास. मधल्या वर्षांत पत्नी भानुमतीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली, त्या काळी नवीन असलेले स्ट्रेप्टोमायसिन त्यांना लाभले, आणि अंथरुणावरून कानी पडणाऱ्या माळवी लोकगीतांतील स्वराकृतींचे त्यांनी मनन केले. लोकधुनांतून उगवणाऱ्या ‘धुनउगम’ रागांची कल्पना आणि १९६५ चा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ यांच्या मुळाशी ते श्रवण आहे. त्यांच्या गायकीतील आखूड, तेजस्वी स्वरवाक्यांचे अनुकरण पुष्कळांनी केले. आजारातून उठणाऱ्या कलावंताने अनुकरण करावे ते त्या वर्षांतील धीराचे.

आता ज्यांच्यावर हा प्रसंग आला आहे त्यांच्यासाठी थोडे. उपचार सुरू होतानाच वैद्यांना आपली कला स्पष्ट सांगावी. इथॅम्ब्युटॉलने क्वचित दृष्टीवर परिणाम होतो आणि तांबड्या-हिरव्या रंगांतील भेद मावळू लागतो. चित्रकाराला हे आधी ठाऊक असले पाहिजे. आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या व बधिरता येऊ शकते, म्हणून सतारियाने ब-६ जीवनसत्त्वाची जोड हवी काय, हे विचारून घ्यावे. स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातील इंजेक्शने कानांना इजा करू शकतात, आणि कान हे तर गायकाचे सर्वस्व होय. असे काही जाणवल्यास औषध स्वतःच्या मर्जीने बंद न करता त्याच दिवशी वैद्यांना गाठावे.

रियाजाचा आरंभ कानाने करावा. तानपुरा जुळवावा आणि केवळ ऐकत बसावे. मग मिटल्या ओठांनी मंद्रातील स्वर गुणगुणावेत. तेवढे अंगी लागल्यावर आकार, आणि त्यानंतरच बंदिश. मी काळी चार सोडून पांढरी पाचवर उतरले आणि विलंबिताऐवजी मध्यलयीतील बंदिशी घेतल्या, कारण त्यांचे आवर्तन लवकर पुरे होते व श्वासाला वारंवार विसावा मिळतो. किती गायलो याचा निर्णय दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर सोपवावा: तेव्हा गळा जड असेल किंवा अंग मोडून आले असेल, तर कालचा रियाज अधिक झाला असे समजावे. कफात रक्ताचा अंश दिसला तर गाणे तत्काळ थांबवून दवाखाना गाठावा.

चरितार्थाचा प्रश्न बिकट आहे, हे मी जाणते. बैठकी बंद झाल्या की बिदागीही बंद होते, आणि याच निकडीपोटी पुष्कळजण वेळेपूर्वी उठतात. म्हणून घरच्यांशी बसून पुढील महिन्यांच्या खर्चाची तजवीज आधीच करावी, आयोजकांना मोघम उत्तर न देता स्वच्छ नकार कळवावा, आणि संसर्गाची भीती टळल्याचे वैद्यांनी सांगितल्यावर प्रथम शिकवण्या सुरू कराव्यात. शिष्याला एकच जागा दहा वेळा सांगताना आपलाही आवाज हळूहळू मार्गी लागतो.

एक गोष्ट मनाला आरंभीच बजावून ठेवावी, की परत येणारा आवाज पूर्वीचाच असेल असे नाही. आजारापूर्वीच्या ध्वनिमुद्रणांशी त्याची रोज तुलना करणे म्हणजे नव्या आवाजावर अन्याय करणे होय. त्याचा पल्ला कोठवर आहे, त्याला कोणता राग मानवतो, कोणत्या लयीत तो खुलतो, याचा शोध नवशिक्याच्या नम्रतेने घ्यावा. औषधांची मुदत पुरी करावी, वैद्यांची मंजुरी घ्यावी, घरच्या चार माणसांसमोर पूर्ण बैठक निर्वेध गाऊन पाहावी, आणि मगच आयोजकाला तारीख द्यावी.