घोंगडीने कीटकाला ऊब येते का?

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. खरिपाचे धान घरी आले की पाण्याची सोय असलेले शेतकरी उन्हाळी धानाची तयारी करतात. या पिकाचा एक मोठा शत्रू म्हणजे खोडकिडा. त्याला आवरणारा एक चिमुकला मित्रही आहे. त्याचे नाव ट्रायकोग्रामा. एक मिलिमीटरहून लहान असलेला हा कीटक खोडकिड्याच्या अंड्यांत आपली अंडी घालतो, त्यामुळे त्या अंड्यांतून अळी बाहेरच पडत नाही.

पण शेतात सोडायला हजारो ट्रायकोग्रामा आणायचे कोठून? त्यासाठी प्रयोगशाळेत आणखी एक कीटक पाळतात. तो म्हणजे साठवणीच्या तांदळाला लागणारा कोर्सेरा पतंग. ज्वारीच्या भरडीवर त्याच्या अळ्या वाढवतात. पुढे पतंगांची अंडी कागदावर चिकटवून ट्रायकोग्रामाला देतात. हेच ट्रायकोकार्ड. एका कार्डावर सुमारे २० हजार अंडी असतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात अशी कार्डे तयार होतात.

खरी अडचण येते ती हिवाळ्यात. सुमारे २८ अंश सेल्सियसला कोर्सेराची पिढी साधारण दीड महिन्यात पुरी होते. कीटकाचे शरीर मात्र भोवतालाइतकेच थंड किंवा गरम असते; थंडीत त्याची वाढ मंदावते. हिशेबाच्या सोयीसाठी धरू की १४ अंशांखाली वाढ थांबते आणि त्यावरील प्रत्येक अंश रोज वाढीच्या खात्यात जमा होतो. मग २८ अंशांना रोज १४ जमा होतील, २१ अंशांना फक्त ७. म्हणजे ४५ दिवसांचे काम ९० दिवसांवर गेले! डिसेंबरात सुरू केलेल्या पेटीतून फेब्रुवारीत मिळणारी अंडी मार्चवर जातील, आणि खोडकिडा काही आपल्यासाठी थांबणार नाही.

मग पेटीवर घोंगडी टाकली तर? एक प्रयोग करून पाहा. दोन सारख्या बाटल्यांत सारखेच कोमट पाणी भरा. एक बाटली धानाच्या तुसात पुरा, दुसरी उघडी ठेवा. दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवा. तुसातली बाटली सावकाश निवेल, कारण तुसात अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक आहे. आता हाच प्रयोग खोलीइतक्याच तापमानाच्या पाण्याने करा. तुसातले पाणी किंचितही तापणार नाही. घोंगडी आपल्याला ऊब देते असे आपण म्हणतो, पण ती उष्णता आपल्याच शरीराची असते. घोंगडी तिला फक्त बाहेर जाऊ देत नाही.

म्हणून पेटीला आवरणाबरोबरच उष्णतेचा उगमही हवा. लहान कपाटात विजेचा दिवा चालतो, मात्र तो तुसाला किंवा कागदाला टेकता कामा नये. आगीचा धोका असतो. आत आणि बाहेर तापमानात जितका फरक, जवळजवळ त्याच प्रमाणात उष्णता बाहेर जाते. जितकी जाते तितकीच दिवा देऊ लागला की तापमान स्थिर होते. पहाटे बाहेर गारठा वाढतो, दुपारी कमी होतो; म्हणून दिवा आपोआप चालू-बंद करणारा तापनियंत्रक जोडावा.

एक गंमत लक्षात ठेवा. एकटी अळी थंड असली, तरी दाटीने वाढणाऱ्या शेकडो अळ्यांच्या श्वसनाने भरड तापते. म्हणून तापमापी कपाटाच्या हवेत टांगून भागत नाही, ती भरडीतही खुपसावी. अति उष्णताही अळ्यांना मारक ठरते.

आता एक गणित. बाहेर १८ अंश असताना ४० वॉटच्या दिव्याने कपाटात २६ अंश राहतात. २८ अंशांसाठी किती वॉटचा दिवा लागेल? आणि कपाटाला दुहेरी भिंत करून मध्ये तूस भरल्यास गळती निम्मी झाली, तर किती? उत्तर काढा, म्हणजे तुसाची किंमत कळेल.