इंग्लंडच्या रस्त्यावर अँबॅसडर?

प्रश्न : जुन्या ब्रिटिश मालिका आणि चित्रपट पाहायची मला आवड आहे. परवा एका कृष्णधवल चित्रपटात खेड्यातल्या चर्चसमोर चक्क आपली अँबॅसडर उभी दिसली. ती तिथे कशी पोहोचली? आणि अशा जुन्या ब्रिटिश मोटारी ओळखायच्या कशा? मला तर सगळ्या एकाच साच्यातल्या वाटतात.
– एक वाचक, सांगली

उत्तर : प्रवास उलट दिशेने झाला. तुम्ही पाहिलीत ती बहुधा मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी सिरीज. ऑक्सफर्ड शहराला लागून असलेल्या काउलीच्या कारखान्यात ती १९५६ ते १९५९ या काळात तयार होत होती. तिच्याच आराखड्यावर हिंदुस्तान मोटर्सने अँबॅसडर काढली आणि उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती २०१४ पर्यंत बनत राहिली. बॉनेटवरचे खोलगट पन्हळ आणि मागच्या मडगार्डांवर किंचित उठलेले कल्ले ही या गाडीची खूण. दोन्ही नसतील, तर ती आधीची दुसरी सिरीज, म्हणजे आपल्याकडची लँडमास्टर.

सगळ्या गाड्या एकाच साच्यातल्या वाटतात, हे तुमचं निरीक्षण मात्र अगदी खरं आहे. १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस या जुन्या प्रतिस्पर्ध्यांची मिळून ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली. पुढे इटलीच्या पिनिन फारिनाने आखलेली एकच बॉडी कंपनीने पाच नावांनी विकली : ऑस्टिन केंब्रिज, मॉरिस ऑक्सफर्ड, वूल्झली, रायली आणि एमजी मॅग्नेट. प्रत्येक नावाचे विक्रेते वेगळे, गिऱ्हाईक वेगळं, आणि त्यातलं एकही गमावायची तयारी नव्हती. म्हणून समोरची जाळी, मागचे दिवे, आतलं लाकूडकाम एवढं बदलायचं. दरवाजे आणि टप तेच. साठीच्या दशकातल्या रस्त्याचं कुठलंही दृश्य थांबवून पाहा, ही भावंडं सापडतीलच.

त्यांतली वूल्झली रात्रीच्या दृश्यातही लपत नाही. तिच्या जाळीवरचा बिल्ला दिव्यांबरोबर आतून उजळतो. लंडनच्या पोलिसांकडे वूल्झलीच्या मोठ्या काळ्या गाड्या असत. त्यामुळे जुन्या कृष्णधवल चित्रपटात अंधारातून तो उजळलेला बिल्ला पुढे आला, की पोलीस आले हे तिथल्या प्रेक्षकाला संवादाआधीच कळायचं. मला स्वतःला ही खूण सगळ्यांत आवडते.

जाळीवरून फक्त विकणाऱ्याचं नाव कळतं. गाडीचं घराणं आणि वय कळायला काचा, खिडक्यांमधले खांब आणि डिकीचा उतार पाहावा. जॅग्वार घ्या. १९५५ च्या छोट्या जॅग्वारचे खांब जाड आणि खिडक्या लहान होत्या. १९५९ च्या मार्क टूमध्ये खांब बारीक झाले, काचा मोठ्या झाल्या आणि खिडक्यांना क्रोमची चौकट आली. मागे डिकी गोलाई घेत खाली उतरते. पुढून तशीच, पण मागची बाजू लांब आणि सपाट दिसली, तर ती १९६३ ची एस-टाइप. जाळीच्या माथ्यावर उभ्या पन्हळी असतील, तर ती डेमलर. जॅग्वारने १९६० मध्ये डेमलर कंपनी विकत घेतली आणि मार्क टूच्या बॉडीत डेमलरचं अडीच लिटरचं व्ही-एट इंजिन बसवलं.

पडद्यावरची सर्वांत प्रसिद्ध मार्क टू इन्स्पेक्टर मोर्स या काल्पनिक पोलीस अधिकाऱ्याची : लाल, काळ्या टपाची, २.४ लिटरची, म्हणजे तीन इंजिनांतलं सर्वांत लहान इंजिन असलेली. कॉलिन डेक्स्टर यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत मोर्स लान्चिया चालवायचा. १९८७ पासूनच्या मालिकेत जॅग्वार आली आणि ती इतकी लोकप्रिय झाली, की पुढे पुस्तकांतही तीच आली. मोर्स झालेले जॉन थॉ त्याआधी ‘द स्वीनी’ या मालिकेत फोर्डमधून गुन्हेगारांचा पाठलाग करत, आणि पळणाऱ्या गुन्हेगारांकडे अनेकदा जॅग्वार असे!

आता नंबरप्लेट. मोर्सच्या गाडीचा नंबर २४८ आरपीए. पीए ही सरे परगण्याची अक्षरं. आकडे आधी आणि अक्षरं नंतर आहेत, कारण अक्षरं आधी लावून होणारे नंबर अनेक ठिकाणी संपत आले होते, म्हणून क्रम उलटवला गेला. १९६३ पासून नंबरच्या शेवटी वर्षाचं अक्षर जोडायला सुरुवात झाली, ए म्हणजे १९६३, बी म्हणजे १९६४. १९६५ मध्ये, म्हणजे सी अक्षरापासून, ते देशभर सक्तीचं झालं. प्लेटचा रंगही पाहा. काळ्यावर पांढरी अक्षरं ही जुनी पद्धत. १९७३ पासून नव्या गाड्यांना पुढे पांढरी आणि मागे पिवळी चकाकणारी प्लेट सक्तीची झाली. चित्रीकरणासाठी नायकाच्या गाडीला अनेकदा खोटी प्लेट लावतात, म्हणून तिच्यावर फार विसंबू नका. मागे सहज उभ्या असलेल्या गाड्या पाहा. १९५८ ची गोष्ट सांगणाऱ्या मालिकेत एखाद्या नंबरच्या शेवटी डी दिसला, तर त्या गाडीची नोंदणी १९६६ ची आहे.