टंचाईच्या काळातील शिदोरी

आपत्ती आली की शासनयंत्रणेचे पहिले काम मोजमापाचे असते. पाऊस किती मिलिमीटर झाला, पिकांची पैसेवारी ५० पैशांच्या खाली गेली काय, टँकर किती लागतील, छावणीत जनावरे किती दाखल झाली, कामावर हजेरी किती लागली, या सर्वांची नोंद ठेवावी लागते. ती ठेवलीच पाहिजे. कारण नोंदीवाचून मदत पोचत नाही. परंतु ज्या माणसांसाठी हे सारे चालते, ती माणसे असा काळ कशाच्या बळावर काढतात, हा प्रश्न मात्र कोणत्याच तक्त्यात विचारलेला नसतो. अन्न, पाणी आणि मजुरी यांच्या जोडीला त्यांच्यापाशी आणखी एक शिदोरी असते. रोजच्या जगण्यातून वेचलेले आनंदाचे लहान लहान क्षण हीच ती शिदोरी होय. टंचाईच्या काळात ज्यांना लोकांमध्ये राहून काम करावयाचे असते, त्या अधिकाऱ्यांनी, शिक्षकांनी व पंचायतीच्या सदस्यांनी तिचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

छावणीतील बारसे

सन २०१२-१३ मध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागात तीव्र पाणीटंचाई होती. ठिकठिकाणी चारा छावण्या उघडल्या होत्या आणि अनेक कुटुंबांतील माणसे जनावरांबरोबर छावणीतच मुक्काम करून होती. सोलापूर जिल्ह्यातील अशा एका छावणीचा वृत्तांत व छायाचित्रे घेण्यासाठी मी गेलो होतो. दावणींच्या रांगा, उसाच्या वाढ्यांचे भारे, पाण्याच्या टाकीपाशी ठेवलेल्या घागरी अशी छायाचित्रे घेऊन झाली. दिवस मावळताना एका कडेला हशा ऐकू आला. छावणीतच जन्मलेल्या एका कालवडीचे बायकांनी बारसे मांडले होते. एकीने तिच्या कानात नाव सांगितले, दुसरीने गुळाचा खडा फोडून सर्वांच्या हातावर ठेवला.

मी कॅमेरा वर उचलला आणि पुन्हा खाली घेतला. दुष्काळाच्या वृत्तांतात हसरे चेहरे शोभणार नाहीत, किंबहुना येथे कोणाला फारशी अडचण नाही असा वाचणाऱ्याचा ग्रह होईल, असे मला वाटले. जवळच बसलेल्या एका वृद्धेच्या ते ध्यानात आले असावे. ती म्हणाली, "का हो साहेब, दुष्काळात हसू नये असा कायदा हाय का? रडून पाऊस पडत असता तर आम्ही रातंदिस रडलो असतो. हसलो म्हणून चारा कमी घालू नका, म्हंजे झालं."

तो वृत्तांत त्या छायाचित्रावाचूनच गेला. आजीबाईंचे बोल मात्र मनात राहिले. त्यांत दोन गोष्टी होत्या. माणूस हसला म्हणजे त्याची गरज संपली असे समजू नये, ही एक. आणि हसण्यावाचून असा काळ निभत नाही, ही दुसरी.

बहात्तरचा दुष्काळ

आजीबाईंनी त्या दिवशी १९७२ च्या आठवणी सांगितल्या. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात "बहात्तर" एवढाच उच्चार केला तरी पुरतो. लागोपाठच्या अपुऱ्या पावसानंतर १९७२ चा पावसाळाही कोरडा गेला आणि १९७२-७३ मध्ये राज्यावर भीषण संकट ओढवले. शेतात काम उरले नाही, त्यामुळे हाती पैसा आला नाही, आणि बाजारात धान्यही दुर्मिळ झाले. शासनाने गावोगावी कामे काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध व खडी फोडण्याच्या या कामांवरील मजुरांची संख्या मे १९७३ च्या सुमारास ५० लाखांच्या जवळपास पोचली. परदेशातून आलेला तांबडा मिलो लोकांनी खाल्ला, कामावर सुकडी वाटण्यात आली. श्री. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना याच काळात विस्तारली. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्यास काम मिळणे हा त्याचा हक्क होय, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

हा इतिहास सर्वपरिचित आहे. आजीबाईंच्या आठवणीतील बहात्तर साल मात्र थोडे निराळे होते. त्या तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. उन्हात खडी फोडताना हाताला फोड येत, मिलोची भाकर घशाखाली उतरत नसे, हे त्यांनी सांगितलेच. पण त्याच्या जोडीला त्यांनी हेही सांगितले की, सासरच्या उंबऱ्याबाहेर गावातील इतर सुनांशी मोकळेपणी बोलावयास मिळाले ते प्रथम त्या कामावरच. दुपारच्या सुट्टीत एकमेकींच्या फडक्यातील चटणी चाखण्यात येई. हातोड्याच्या ठेक्यावर गाणे म्हटले जाई. "जातं घरी ऱ्हायलं, पण ओवी संगं आली," असे त्या म्हणाल्या.

ओवीचा धडा

आजीबाईंच्या या वाक्याचा थोडा अधिक विचार करू. पिठाच्या गिरण्या गावोगाव पोचण्यापूर्वी घरातील बाईचा दिवस पहाटे जात्यावर सुरू होई. दळण हे अंग मोडणारे काम. एका हाताने खुंटा फिरवावयाचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ धान्य जात्याच्या तोंडी घालावयाचे आणि जोडीला समोर जाऊ किंवा नणंद असली तर दोघींनी मिळून ओढावयाचे. अशा कामातून मराठी भाषेतील फार मोठे लोकवाङ्मय निर्माण झाले. १९८० च्या दशकापासून श्रीमती हेमा राईरकर व श्री. गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून सहकाऱ्यांच्या मदतीने या ओव्यांचा संग्रह केला. एक हजाराहून अधिक गावांतून मिळालेल्या त्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरते. ज्यांच्या नावावर सातबाऱ्याचा एक उताराही नव्हता, अशा बायकांची ही दौलत आहे.

या ओव्यांतून माहेर येते, भाऊ येतो, पंढरीचा विठोबा येतो. त्याचबरोबर सासरचा जाच, कष्ट, उपेक्षा आणि वियोग हेही येतात. दुःख झाकून हसण्याचा येथे खटाटोप नाही. जे दिवसभर बोलता येत नाही ते पहाटे लयीत सांगावयाचे आणि समोरचीने ते ऐकून पुढची ओळ जोडावयाची, यातच जिवाला विसावा मिळे.

बहिणाबाई चौधरी यांचे जीवन याची साक्ष देते. १८८० मध्ये जळगावजवळच्या असोदे येथे जन्मलेल्या या शेतकरी स्त्रीला लिहिता-वाचता येत नव्हते. तरुण वयातच वैधव्य आले. घर, शेत व मुले यांचा भार वाहताना त्यांनी गाणी रचली आणि ती कामाच्या ओघातच रचली. पुत्र सोपानदेव यांच्यामुळे ती कागदावर उतरली. १९५१ मध्ये बहिणाबाईंचे निधन झाले व पुढील वर्षी आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ज्या हातांना उसंत नव्हती त्यांनीच ही गाणी दिली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मुलींच्या हादग्यातही हेच दिसते. सूर्य हस्त नक्षत्रात असताना पाटावर हत्तीचे चित्र काढून त्याभोवती फेर धरावयाचा आणि शेवटी खिरापत ओळखावयाची. खिरापत बत्ताशाची असो की मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांची, खरी गंमत ती ओळखण्यात असते. घरात दुसरे काही नसले तरी डबा वाजवून "ओळखा पाहू" असे म्हणता येते. चांगल्या सालात आणि वाईट सालात त्या खेळाची गोडी सारखीच राहते.

या उदाहरणांवरून लहान आनंदाची काही लक्षणे सांगता येतील. त्याला पैसा लागत नाही किंवा अगदी थोडा लागतो. तो कामापासून वेगळा काढलेला नसतो, कामाच्या पोटातच असतो. तो बहुधा एकट्याचा नसून दोघा-चौघांत वाटलेला असतो. आणि दुःख आहे हे मान्य करूनच तो घेतलेला असतो.

अभ्यासकांचे निष्कर्ष

आपल्या आजी-पणजीने अनुभवाने जे जाणले, त्याकडे मानसशास्त्राचे लक्ष अलीकडच्या काळात अधिक वळले आहे. अमेरिकेतील सुसान फोकमन यांनी एड्सने ग्रासलेल्या जोडीदारांची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तींचा दीर्घकाळ अभ्यास केला व त्याचे निष्कर्ष १९९७ मध्ये मांडले. त्या काळी या रोगावर परिणामकारक उपचार नव्हते आणि शेवट ठरलेला असे. आरंभी अभ्यासक केवळ त्रासाविषयी प्रश्न विचारीत. तेव्हा शुश्रूषा करणाऱ्यांनीच म्हटले की, चांगल्या घटनांविषयी आम्हांला कोणी विचारीतच नाही. तसा प्रश्न घातल्यावर जवळजवळ प्रत्येकाने काही ना काही सांगितले. त्या गोष्टी साध्याच होत्या. कोणी मित्राचा आपुलकीचा शब्द सांगितला, कोणी जोडीदारासाठी आवडीचे जेवण केल्याचे सांगितले. तीव्र दुःख आणि आनंद एकाच दिवशी, एकाच मनात नांदू शकतात, हे या अभ्यासातून स्पष्ट झाले. बार्बरा फ्रेड्रिक्सन यांनी १९९८ मध्ये याला जोड देणारा विचार मांडला. भीतीने माणसाची दृष्टी एका धोक्यावर खिळते. आनंदाने ती विस्तारते, नवे मार्ग सुचतात आणि माणसांशी नाती जुळतात. ही जोडलेली नाती पुढच्या अडचणीत उपयोगी पडतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

कोरोनाच्या साथीत याचा प्रत्यय आपणा सर्वांना आला. २०२० मध्ये आषाढी वारी पायी निघू शकली नाही. मानाच्या पादुका एस. टी. बसमधून पंढरपुरास गेल्या. वारकऱ्यांनी आपापल्या घरी तुळशीपुढे टाळ वाजविले. शाळा बंद असता अनेक शिक्षकांनी झाडाखाली, देवळाच्या ओवरीत मुलांना अंतरा-अंतराने बसवून शिकविले. अभ्यासक्रम त्यातून पूर्ण झाला असे नाही. पण आज गुरुजी येणार आहेत, या एका गोष्टीमुळे मुलांच्या दिवसाला आकार आला.

दोन चुका टाळाव्यात

येथे सावधगिरीची गरज आहे. लोक समाधानी राहू शकतात, म्हणून मदतीला उशीर झाला तरी चालेल, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो अन्यायाचा होईल. ओवीने पोट भरत नाही. हजेरीपट वेळेवर न भरल्यामुळे मजुरी रखडली असेल, तर त्या मजुराला आनंदी राहण्याचा उपदेश करण्याचा अधिकार कोणासही नाही. ही पहिली चूक.

दुसरी चूक म्हणजे आनंद वरून नेऊन देण्याची हौस. ध्वनिक्षेपक लावून करमणुकीचा कार्यक्रम ठेवावा, पाहुण्यांचे सत्कार व्हावेत आणि थकलेल्या माणसांनी तास-दोन तास ताटकळत बसावे, असे प्रकार घडतात. लोकांचा आनंद लोकच निर्माण करतात. आपण फक्त त्याला जागा व वेळ मिळेल असे पाहावयाचे.

करता येण्यासारख्या गोष्टी

कामावर सावली, पिण्याचे पाणी व विसाव्याची वेळ या बाबी केवळ सोयीच्या नव्हेत. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात या सुविधांची, तसेच सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले कामावर येत असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करण्याची तरतूद करण्यात आली होती. तिचे मर्म कोणत्याही कामावर ध्यानी ठेवण्यासारखे आहे. मूल सावलीत खेळते आहे हे दिसले की आईचे मन हलके होते. कामाची आखणी करताना एका वस्तीतील बायकांना शक्यतो एका गटात ठेवावे, म्हणजे बोलाचालीला सोबत मिळते.

ग्रामपंचायतीने टंचाईच्या वर्षी जत्रा, सप्ताह किंवा भजन सरसकट बंद करण्यापूर्वी विचार करावा. खर्च कमी करावा, जेवणावळी टाळाव्यात. पण लोक एकत्र येण्याचा प्रघात मोडू नये. पाराखाली एक दिवा व बसावयास स्वच्छ जागा एवढेही पुष्कळ असते.

शिक्षकांना तर याबाबतीत फार मोठी संधी आहे. आपत्तीच्या काळात शाळेची घंटा नेहमीच्या वेळी होणे हाच मुलांना आधार असतो. मुलांनी आपल्या आजीकडून दोन ओव्या किंवा बहात्तर सालची एक आठवण लिहून आणावी, असा पाठ देता येईल. त्यात भाषेचा अभ्यास होतो, गावाचा इतिहास कळतो, आणि आजीला कोणी तरी विचारले याचा तिला आनंद होतो. पाहणीस जाणाऱ्या अधिकाऱ्यांनीही अडचणींची यादी पूर्ण झाल्यावर एक प्रश्न अधिक विचारावा: "या दिवसांत बरे वाटावे असे काही घडले काय?" उत्तरातून पुष्कळदा पुढच्या कामाची दिशा सापडते.

छावणी मोडून लोक आपापल्या गावी परतल्यालाही आता बरीच वर्षे झाली. त्या कालवडीचे नाव बायकांनी "गंगा" ठेवले होते. पाण्यासाठी दाहीदिशा फिरणाऱ्या त्या माणसांनी हेच नाव निवडावे, यात त्यांचे दुःखही होते आणि आशाही होती. तो प्रसंग पुन्हा समोर आला तर मी छायाचित्र जरूर घेईन, आणि त्याच्याखाली छावणीतील जनावरांची संख्या व आवश्यक चाऱ्याचे टनही लिहीन. दोन्ही नोंदी एकाच पानावर असल्या पाहिजेत.