आधी पाहावे, मग शिकवावे

(पाळणाघरात इंटर्नशिपसाठी जाणाऱ्या आपल्या तरुणांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी एक पाठ)



परीक्षा संपल्या की आपल्या धर्मग्रामातील काही तरुण-तरुणी पाळणाघरात किंवा बालवाडीत इंटर्नशिपसाठी जातात. कुणाला बालशिक्षणाच्या पदविकेसाठी प्रात्यक्षिकाचे तास भरायचे असतात, कुणाला समाजकार्याच्या अभ्यासक्रमासाठी, तर कुणाला मुळातच लहान मुलांची आवड असते. घरभेटीला गेलो की अशा घरांत आम्हांला एक वाक्य हमखास ऐकू येते, 'फादर, एवढे शिकवले आणि ही आता दुसऱ्यांच्या पोरांची नाके पुसायला जाणार!'

असे बोलणाऱ्या आईचा राग यावा असे त्यात काही नाही. तिने कष्टाने मुलीला शिकवले आहे आणि मुले सांभाळणे हे काम कुणालाही येते, अशी आपल्या सर्वांचीच समजूत आहे. ही समजूत खरी आहे का, हे आज तपासून पाहू. हे काम कुठून आले, ते करणाऱ्याने काय शिकायचे असते आणि आपण त्याकडे कोणत्या नजरेने पाहायचे, अशा क्रमाने जाऊ.

१. पाळणाघराची गरज

आपल्या वसईत एके काळी पाळणाघर हा शब्दच लागत नव्हता. आई वाडीत कामाला गेली तरी ओट्यावर आजी असे, शेजारी काकी असे, थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरत असे. आता वाड्या कमी झाल्या आणि घरांच्या जागी इमारती आल्या. आई-वडील दोघेही सकाळची लोकल पकडतात. वसई रोडहून चर्चगेटला पोहोचायला तासाभराहून अधिक वेळ लागतो. कामाचे आठ तास आणि जाण्यायेण्याचे तास धरले तर दोन-तीन वर्षांचे मूल दिवसाचे दहा-अकरा तास दुसऱ्याच्या हाती असते. जागेपणीचा त्याचा बहुतेक दिवस तिथेच जातो. बोलणे, चालणे, जेवणे, भांडणे, समेट करणे हे सर्व ते तिथे शिकते. म्हणजे ज्यांच्या हाती ते मूल आहे, त्या ताईचे काम नुसते आई येईपर्यंत वेळ काढण्याचे राहत नाही.

२. आपल्याच जिल्ह्यातील धडा

लहान मुलांच्या शिक्षणाचा विचार फार जुना नाही. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मुलांसाठी पहिले बालगृह सुरू केले. त्या व्यवसायाने डॉक्टर होत्या. मुलांना काय शिकवावे हे ठरवण्याआधी मुले काय करतात हे त्यांनी निरखून पाहिले आणि त्यावरून साधने तयार केली.

हा विचार आपल्याकडे रुजवण्यात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांचा मोठा वाटा आहे. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. बोर्डी आणि कोसबाड ही गावे आज आपल्याच पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यात आहेत, हे आपल्यातील अनेकांना ठाऊक नसेल.

तिथे त्यांच्यापुढे एक अडचण उभी राहिली. वस्तीतील गरीब मुले बालवाडीत येईनात. धाकट्या भावंडांना सांभाळायचे, गुरे राखायची, लाकूडफाटा आणायचा, ही कामे त्यांच्या मागे होती. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही की त्यांच्या आई-बापांना अडाणी म्हटले नाही. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात जाईल, असे त्यांनी ठरवले. अंगणवाडी ही कल्पना याच कामातून रुजली. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे हा तिथे शिक्षणाचाच भाग होता. विकतची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, पाने, बिया, माती, बांबू हीच साधने झाली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली.

म्हणजे आपल्या मुलीला जे काम हलके वाटेल अशी भीती वाटते, ते नाके पुसण्याचे काम या दोघी विदुषींनी आयुष्यभर केले आणि त्यातून देशाला एक रीत दिली.

३. शिकवणारा नेमके काय करतो?

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात हा प्रश्न आम्हांला भेटला होता. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी शिक्षकाची तुलना वैद्याशी केली आहे. वैद्य औषध देतो, पण जखम भरते ती शरीराच्या स्वतःच्या शक्तीने. वैद्य त्या शक्तीला मदत करतो, तिची जागा घेत नाही. शिक्षकाचेही तसेच. मुलाच्या डोक्यात ज्ञान ओतता येत नाही. समजून घेण्याची शक्ती मुलाची स्वतःची असते, शिक्षक तिला हात देतो.

आता हे पाळणाघरात लावून पाहा. तीन वर्षांचे मूल बुटात पाय घालायचा प्रयत्न करत आहे. उजवा पाय डाव्या बुटात जातो. आपल्याला घाई असते, आपण बूट घालून देतो. मुलाचे काम झाले, पण त्याचे शिकणे आपण हिरावून घेतले. थोडे थांबणे, बूट योग्य बाजूला सरकवून ठेवणे आणि पुन्हा त्यालाच करू देणे, ही झाली वैद्याची रीत. पहिल्या रीतीला अर्धे मिनिट लागते, दुसरीला पाच मिनिटे आणि बराच संयम. मुले सांभाळणे कुणालाही येते असे म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे पहिली रीत असते.

४. पहिला आठवडा : वही आणि पेन्सिल

इंटर्नशिपला जाणाऱ्यांची इच्छा असते की पहिल्याच दिवशी गाणी, नाच, चित्रकला घ्यावी. आमची सूचना अशी की पहिले काही दिवस तिथल्या ताईंना मदत करावी आणि बाकी वेळ पाहावे. एक छोटी वही ठेवावी. तिच्यात पाहिलेले लिहावे, मत लिहू नये.

'मुलगा हट्टी आहे' हे मत झाले. 'त्याने लाल ठोकळा तीनदा मागितला, मिळाला नाही, मग तो जमिनीवर आडवा पडला' हे पाहिलेले झाले. मत लिहिले की विचार तिथेच थांबतो. पाहिलेले लिहिले की प्रश्न सुचतो, लाल ठोकळे दोन ठेवले तर? दोन वर्षांच्या मुलांना खेळणे वाटून घ्यायला सांगणे हे बहुधा व्यर्थ जाते. ती शेजारी शेजारी बसतात, पण आपापले खेळतात. त्या वयात सारखी दोन खेळणी ठेवणे हा उपदेशापेक्षा चांगला उपाय आहे.

५. खेळ आणि उपक्रम घेताना

(अ) वेळ लहान ठेवा. तीन वर्षांचे मूल आपण सांगितलेल्या एका गोष्टीत साधारण पाच-सात मिनिटे रमते. स्वतः निवडलेल्या खेळात तेच मूल अर्धा तास गढून जाते. म्हणून सांगून घेण्याचे उपक्रम थोडे आणि मोकळ्या खेळाची वेळ अधिक असावी.

(आ) हाताला काम द्या. ओल्या मातीचे गोळे करणे, जुने वर्तमानपत्र फाडून चिकटवणे, एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतणे, पानांची लहान-मोठी अशी रांग लावणे, रुमालाची घडी घालणे. यातूनच बोटांना ताकद येते आणि पुढे पेन्सिल नीट धरता येते. तीन वर्षांच्या मुलाला अक्षरे गिरवायला बसवण्याची घाई नको. पालकांनी आग्रह धरला तरी हे त्यांना समजावून सांगावे.

(इ) एका उपक्रमातून दुसऱ्याकडे जाताना ओरडू नका. आवराआवरीसाठी रोज एकच गाणे ठेवा. गाणे सुरू झाले की मुले आपोआप उठतात.

(ई) काय करू नये यापेक्षा काय करावे ते सांगा. 'पळू नको' ऐवजी 'हळू चाल'. उभ्याने वरून बोलण्यापेक्षा उकिडवे बसून मुलाच्या डोळ्यांत पाहून बोला.

(उ) आई निघताना मूल रडते, तेव्हा तिला चोरून जायला सांगू नका. चोरून गेलेल्या आईला मूल दुसऱ्या दिवशी अधिक घट्ट धरते. मुलाला सांगा, 'जेवण, मग झोप, मग दूध, मग आई.' घड्याळ त्याला कळत नाही, हा क्रम कळतो. आणि जे सांगितले ते खरे असू द्या.

६. सुरक्षिततेचे नियम

येथे आवडनिवड नाही, हे पाळायचेच.

• चिंचोके, मणी, वाटाणे, शेंगदाणे, फुग्यांचे तुकडे तीन वर्षांखालील मुलांच्या हाती नकोत. ते घशात, नाकात अडकतात.

• भरलेली बादली मुलांच्या आसपास ठेवू नका. वीतभर पाणीही धोक्याचे असते.

• शिकाऊ व्यक्तीने कुठल्याही मुलासोबत बंद दाराआड एकटे राहू नये. शी-शूची स्वच्छता तिथल्या नेहमीच्या ताईंसोबतच करावी. यात मुलाचे रक्षण आहे आणि तुमचेही.

• मुलांचे फोटो मोबाइलवर काढून इतरांना पाठवू नका. ती मुले आपली नाहीत.

• मुलावर अत्याचार झाल्याचे कळले किंवा तसा संशय आला तर गप्प बसू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. १०९८ या मदत क्रमांकावरही सांगता येते.

७. पालकांना दोन शब्द

आता नाक पुसण्याकडे वळू. मूल खेळात असते, कुणीतरी मागून येते, डोके धरते आणि खसकन नाक पुसते. मूल दचकते, मान फिरवते, मार खाते. दुसरी ताई समोर येऊन बसते, रुमाल दाखवते, 'नाक पुसू या का?' असे विचारते आणि क्षणभर थांबते. मूल नाक पुढे करते. दोन्हीकडे नाक स्वच्छ झाले. परंतु आपल्या अंगाला हात लावण्याआधी आपल्याला विचारायचे असते, हे दुसऱ्याच मुलाला कळले. हे शब्दांनी शिकवता येत नाही. नाक पुसताना ते शिकवता येते, आणि ज्याला स्वतःला ते उमगले आहे त्यालाच शिकवता येते.

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात लोक मुलांना येशूकडे आणतात आणि शिष्य त्यांना दटावतात, तो प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. त्या वेळी प्रभूने मुलांना कसलाच पाठ दिला नाही. त्यांना जवळ घेतले, आशीर्वाद दिला. पाठ दिला तो मोठ्यांना.

तेव्हा मुलगी पाळणाघरात जायला निघाली तर तिला अडवू नका. मुलगा निघाला तर हसू नका, मुलांना दादाचीही गरज असते. संध्याकाळी ती घरी आली की 'किती पैसे मिळणार?' यासोबत 'आज काय पाहिलेस?' असेही विचारा. आणि पैशांचा प्रश्नही आपण धर्मग्राम म्हणून विचारला पाहिजे. अंगणवाडी सेविकांना आजही पगार नव्हे, मानधन मिळते. ज्यांच्या हाती आपण दिवसाचे दहा तास आपले मूल देतो, त्यांच्या कामाची किंमत आपण किती करतो, यावरून मुलाची किंमत आपल्या लेखी किती आहे हे दिसते.

समूहातील चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या आळीतील लहान मुले दिवसभर कुठे आणि कुणासोबत असतात? त्या व्यक्तीशी आपण शेवटचे कधी बोललो?

२. या आठवड्यात घरातील एका लहान मुलाकडे दहा मिनिटे काहीही न सुचवता पाहा. काय दिसले ते समूहात सांगा.

३. मूल स्वतः करू शकेल अशी कोणती कामे आपण घाईपोटी त्याच्यासाठी करतो?